पिसवेचे जठर आणि मुंबई इलाख्यातील प्लेग

१

साथींचा इतिहास लिहिताना इतिहासकाराचे लक्ष साहजिकपणेच माणसांकडे जाते. मृतांची मोजदाद, सरकारी हुकूम, लोकांचा क्षोभ, वैद्यांचे व डॉक्टरांचे परिश्रम, वृत्तपत्रांतील वाद, ही त्याची परिचित साधनसामग्री होय. १८९६ साली मुंबईत सुरू झालेल्या प्लेगच्या बाबतीत ही सामग्री विपुल आहे, आणि तिच्या आधारे पुष्कळ लिहिलेही गेले आहे. परंतु या साथीची कारणपरंपरा शोधीत मागे मागे गेले असता शोधकर्ता अखेर अशा एका ठिकाणी येऊन थांबतो की, जेथे दप्तरांचा काही उपयोग होत नाही. ते ठिकाण म्हणजे उंदराच्या अंगावरील पिसवेच्या अन्नमार्गातील एक अवयव. तो मोहरीच्या दाण्याहूनही लहान आहे. त्या अवयवात रक्त अडते, पिसवेचे पचन थांबते, ती उपाशी मरू लागते. आणि या उपासमारीतूनच माणसाला प्लेग होतो.

ही गोष्ट उलगडण्यास १८९६ पासून १९१४ पर्यंत अठरा वर्षे लागली. या अठरा वर्षांत राज्यकर्त्यांनी घरे झडली, सामान जाळले, माणसे छावण्यांत नेली. लोकांनी गावे सोडली. शास्त्रज्ञांनी परस्परांचे निष्कर्ष नाकारले. यांपैकी प्रत्येक कृतीमागे रोग कोठून येतो याविषयीची एक कल्पना उभी होती, आणि त्या कल्पनांची पारख शेवटी कीटकाच्या पचनसंस्थेनेच केली. म्हणून पिसवेचे पचन हा विषय प्राणिशास्त्राचा असला तरी तो महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचाही विषय ठरतो.

२

मूळ प्रश्नाकडे वळण्यापूर्वी कीटकादी प्राण्यांच्या अन्नपचनाची सामान्य रचना ध्यानात घेणे अवश्य आहे. कीटकांचा अन्नमार्ग तीन भागांचा असतो: अग्रांत्र, मध्यांत्र आणि पश्चांत्र. पहिल्या व तिसऱ्या भागाला आतून कायटिनाचे अस्तर असते, आणि कात टाकताना शरीराच्या बाह्य आवरणाबरोबर हे अस्तरही टाकले जाते. पाचक रस मुख्यतः मध्यांत्रात स्रवतात आणि पचलेल्या द्रव्यांचे शोषणही बहुतांशी तेथेच होते. शोषलेली द्रव्ये शरीरातील मोकळ्या पोकळीत खेळणाऱ्या द्रवात मिसळतात व पुढे मेदपिंडात साठविली जातात. मध्यांत्र व पश्चांत्र यांच्या सांध्याशी मालपीगी नलिका असतात. इटालियन शास्त्रज्ञ मालपीगी याने १६६९ साली रेशमाच्या किड्याचे विच्छेदन प्रसिद्ध केले, त्यावरून त्यांना हे नाव मिळाले. उत्सर्जन हे त्यांचे कार्य.

या सामान्य आराखड्यात प्राण्यागणिक आहाराला अनुरूप असे फरक पडतात. झुरळाच्या अग्रांत्राच्या शेवटी स्नायुमय पेषणी असते आणि तिच्यातील दातांनी अन्न भरडले जाते. मधमाशीच्या मधुकोशाच्या तळाशी एक झडप असते. फुलातून घेतलेला रस पोळ्याकडे न्यावयाचा असल्यास ती मिटलेली राहते, माशीला स्वतःला पोषण हवे असल्यास उघडते. कोळी हा कीटक नव्हे, त्याची रीतही निराळी. तो आपले पाचक रस भक्ष्यावर व भक्ष्यात ओततो, भक्ष्याचे मांस शरीराबाहेरच विरघळवितो आणि तयार झालेला द्रव शोषक जठराने ओढून घेतो. गोचीड रक्त पिते; पण त्या रक्ताचे पचन तिच्या आतड्याच्या पोकळीत न होता मुख्यतः आतड्याच्या पेशींच्या आत सावकाश होते. त्यामुळे एका भोजनावर ती दीर्घकाळ काढू शकते.

पिसवेचे तसे नाही. प्रौढ पिसू, नर असो वा मादी, केवळ रक्तावर जगते, आणि तिला ते वारंवार लागते. तिच्या मुखातील सूक्ष्म सुया त्वचेत शिरतात. घशातील स्नायूंच्या पंपाने रक्त ओढले जाते. अन्ननलिकेतून ते मध्यांत्रात, म्हणजे बोलीभाषेतील जठरात, उतरते. अन्ननलिका व जठर यांच्या मध्ये एक लहानशी गोलसर कोठी आहे. तिला अग्रजठर म्हणतात. तिच्या आतील भिंतीवर मागे वळलेल्या काट्यांच्या दाट रांगा असतात. जठर आकुंचन पावले तरी रक्त उलटून तोंडाकडे येऊ नये, अशी झडपेसारखी व्यवस्था या काट्यांनी होते. जठरात रक्तपेशी लवकरच फुटतात, त्यांचे पचन सुरू होते, आणि अर्धवट पचलेल्या रक्ताचा काही अंश विष्ठेवाटे बाहेर पडतो. हा अंशही वाया जात नाही. केरकचऱ्यात वाढणाऱ्या पिसवेच्या अळ्यांना प्राण्याचे रक्त शोषण्याची सोय नसल्याने प्रौढांच्या विष्ठेतील हे सुकलेले रक्त त्यांच्या आहाराचा महत्त्वाचा भाग बनते. आईच्या अपुऱ्या पचनावर संततीचे पोषण अवलंबून असावे, अशी ही निसर्गाची योजना आहे.

३

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात तापाच्या विचित्र रुग्णांवर उपचार करीत असता डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी हा रोग गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. मांडवी हा धक्क्यालगतचा, धान्याच्या वखारींनी भरलेला भाग. रोगाचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे येर्सँ याने दाखवून दिला होता. जपानी शास्त्रज्ञ कितासातो यानेही त्याच वेळी तेथे संशोधन केले होते. जंतू माहीत होता. तो एका शरीरातून दुसऱ्या शरीरात कसा जातो हे मात्र कोणालाच माहीत नव्हते.

मुंबई त्या काळी कोकण व देश यांच्याशी जल व स्थल अशा दोन्ही मार्गांनी बांधलेली होती. खाडीच्या मुखापासून आत वसलेले पनवेल हे या बांधणीतील एक जुने ठाणे. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाल्यावर मुंबईहून गलबताने पनवेलला यावयाचे व तेथून खोपोलीवरून घाट चढून पुण्याकडे जावयाचे, असा परिपाठ पडला. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. ही इलाख्यातील आरंभीच्या नगरपालिकांपैकी एक होय. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी सुरू झाल्यावर पनवेलची दूरची वाहतूक घटली. तथापि तांदूळ व मीठ यांचा व्यापार खाडीतून चालूच राहिला. १८८३ मध्ये तालुका ठाणे जिल्ह्यातून कुलाबा जिल्ह्यात गेला. उरण हा तेव्हा या तालुक्याचाच एक पेटा होता, आणि त्याचे मोरा बंदर मुंबईच्या अगदी समोर.

धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर जातो आणि उंदराबरोबर पिसू जाते, हे आज विद्यार्थ्यालाही ठाऊक आहे. १८९७ साली ते तसे ठाऊक नव्हते. पण मुंबईच्या वखारींशी रोज संबंध असलेल्या खाडीकाठच्या गावांना त्या अज्ञानाची किंमत लवकरच द्यावी लागली. मोरा येथे त्याच वर्षी प्लेग पोचला. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली नवी लस प्रथम स्वतःस टोचून घेतली होती, आणि तिचे सामर्थ्य ज्या मोजक्या ठिकाणी आरंभीच अजमावले गेले त्यांत भायखळ्याचा तुरुंग, दमण व लोणावळा यांच्याबरोबर उरण पेट्यातील मोरा हे गावही होते. टोचून घेतलेल्यांत मृत्यूचे प्रमाण न टोचलेल्यांपेक्षा पुष्कळच कमी आढळले. लस माणसाला वाचवू शकते हे त्यावरून सिद्ध झाले. परंतु लसीला रोगाच्या मार्गाशी कर्तव्य नव्हते. माणूस सुरक्षित झाला तरी त्याच्या घराच्या छपरात, कणगीत आणि भिंतीच्या बिळांत जे चालले होते ते चालूच राहिले.

४

रोगाला लोकांनी जी नावे दिली त्यांवरून त्यांची दृष्टी कळते. 'प्लेग' हा इंग्रजी शब्द तर खेडोपाडी पोचलाच. पण 'गाठीचा ताप' किंवा नुसती 'गाठ' हीही नावे सर्वत्र चालत होती. वैद्यांनी आपल्या शास्त्रातील संज्ञा जुळवून 'ग्रंथिक सन्निपात' असे नाव घडविले. ही तिन्ही नावे रुग्णाच्या शरीरावर दिसणाऱ्या लक्षणांवरून पडलेली आहेत. मराठीत त्या काळी रुजलेला आणखी एक प्रयोग मात्र वेगळ्या जातीचा आहे. तो म्हणजे 'उंदीर पडणे'. 'त्या आळीत उंदीर पडले' या वाक्याचा अर्थ प्लेगच्या दिवसांत कोणाला समजावून सांगावा लागत नसे. येथे 'पडणे' हे क्रियापद केवळ छपरावरून खाली येण्याचे वर्णन करीत नाही. 'पटकीची साथ पडली' किंवा 'दुष्काळ पडला' या प्रयोगांतील आपत्तीचा ध्वनी त्यात आहे. हा शब्दप्रयोग म्हणजे एक निरीक्षण होय: माणसाच्या आधी उंदीर मरतात, आणि ते मरू लागले की घर सोडावे.

हे निरीक्षण नवे नव्हते. कुमाऊँ व गढवाल येथील पहाडी गावांत 'महामारी' आली असता उंदीर मरू लागताच लोक गाव सोडून जात, याची नोंद इंग्रज अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच केली होती. त्याहूनही मागे जहांगीर बादशहाच्या आत्मवृत्तात आग्र्याच्या साथीच्या संदर्भात मरणोन्मुख उंदराची हकीकत आली आहे. तेव्हा उंदीर व रोग यांचा संबंध लोकव्यवहाराला ज्ञात होता. तो राज्यव्यवहाराला मान्य नव्हता, इतकेच.

राज्यव्यवहाराची भिस्त निराळ्या कल्पनेवर होती. रोग माणसाकडून माणसाकडे, त्याच्या कपड्यांतून, घाणीतून व दूषित जमिनीतून पसरतो, असे गृहीत धरून उपाय आखले गेले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा मंजूर झाला. घरांची झडती, रुग्णांना बळाने इस्पितळात नेणे, त्यांच्या आप्तांना वेगळ्या छावण्यांत ठेवणे, प्रवाशांची तपासणी, सामानाची जाळपोळ, जमिनीवर व भिंतींवर जंतुनाशके ओतणे, हे सर्व या कायद्याच्या बळावर झाले. पुण्यात रँड यांच्या अमलाखाली याला जे रूप आले, त्यातून २२ जून १८९७ च्या रात्रीचा प्रसंग उद्भवला. चाफेकर बंधूंना पुढे फाशी झाली, आणि १८९७ सालीच लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्याच वर्षी, १० मार्च रोजी, पुण्याजवळ रुग्णांची सेवा करीत असताना सावित्रीबाई फुले प्लेगनेच मरण पावल्या. शासनाच्या जुलमाविरुद्धचा क्षोभ आणि रुग्णाच्या शुश्रूषेतील आत्मार्पण, या दोन्ही गोष्टी महाराष्ट्राच्या स्मृतीत कायम राहिल्या आहेत. परंतु झडती घेणारे आणि झडतीला विरोध करणारे हे दोन्ही पक्ष रोगाच्या खऱ्या मार्गाविषयी सारखेच अंधारात होते, हे इतिहासकाराने विसरता कामा नये.

लोकांच्या निरीक्षणाचा गौरव करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. उंदीर पडताच घर सोडून माळावर झोपड्यांत राहणे हा उपाय योग्यच होता, आणि पुढे सरकारनेही तो स्वीकारला. पण घर सोडताना लोक अंथरूण-पांघरूण व धान्य बरोबर नेत, आणि त्यांतून पिसवाही जात. उंदराचा संबंध लोकांना दिसला होता. उंदीर आणि माणूस यांच्यामधला दुवा त्यांना दिसला नव्हता.

५

तो दुवा प्रथम सुचविणाऱ्यांत जपानी शास्त्रज्ञ ओगाता याचे नाव येते. १८९७ साली फॉर्मोसा बेटातील साथीत उंदरांवरील पिसवांमध्ये त्याला प्लेगचे जंतू आढळले. याच सुमारास पाश्चर संस्थेतर्फे पॉल लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर हिंदुस्थानात आला. काही रुग्णांच्या अंगावर चाव्यासारखा बारीक फोड असतो, आणि त्यात जंतू असतात, हे त्याने पाहिले. नुकताच मेलेला उंदीर हाताळणे घातक ठरते, पण मरून बराच वेळ झालेला उंदीर तितका घातक नसतो, हेही त्याच्या ध्यानी आले. मेलेले शरीर थंड पडले की पिसवा ते सोडून जातात, हा या कोड्याचा उलगडा. २ जून १८९८ रोजी कराचीत त्याने काचेच्या भांड्यात पिसवा असलेला प्लेगग्रस्त उंदीर ठेवला आणि जाळीच्या आड निरोगी उंदीर ठेवला. दोहोंचा परस्परांना स्पर्श होऊ शकत नव्हता. पिसवा मात्र जाळीतून जाऊ शकत होत्या. निरोगी उंदराला प्लेग झाला.

आज हा प्रयोग निर्णायक वाटतो. त्या काळी तो वाटला नाही. सरकारने १८९८ मध्ये नेमलेल्या प्लेग कमिशनने पिसवेची उपपत्ती बाजूला सारली. इतरांना तोच परिणाम सहज मिळाला नाही, हे त्याचे एक कारण. त्यापेक्षा खोल कारण असे की, पिसू रोग पोचविते एवढे सांगितले तरी ती तो 'कसा' पोचविते हे कोणालाच सांगता येत नव्हते. पिसू रक्त आत ओढते, बाहेर टाकीत नाही. अग्रजठरातील काटे तर रक्त उलटू नये यासाठीच आहेत. मग जठरात गेलेला जंतू दुसऱ्या प्राण्याच्या रक्तात कसा उतरणार? ज्या घटनेची प्रक्रिया समजत नाही ती घटनाच नाकारण्याकडे शास्त्राचा कल असतो. हा दोष केवळ साम्राज्याच्या अहंकारात शोधणे पुरेसे होणार नाही.

डासाच्या बाबतीत अशीच अडचण नुकतीच दूर झाली होती, हे येथे स्मरणीय आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परोपजीवीच्या वाढीची अवस्था दिसली. तो परोपजीवी जठराची भिंत भेदून अखेर लालाग्रंथीत पोचतो आणि लाळेबरोबर माणसात शिरतो. प्लेगचा जंतू मात्र पिसवेच्या जठराची भिंत ओलांडीत नाही. तो पचनमार्गातच राहतो. त्यामुळे डासाची किल्ली पिसवेच्या कुलपाला लागत नव्हती.

प्रश्न पुन्हा उभा केला तो मुंबईने. ग्लेन लिस्टन या वैद्यकीय अधिकाऱ्याने शहरातील उंदरांवर कोणत्या जातीची पिसू असते याचा अभ्यास केला. उंदीर मरून पडलेल्या चाळींतून गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर जमणाऱ्या पिसवा तपासल्या. उंदीर मेल्यावर त्यांच्या पिसवा भुकेने दुसरा प्राणी शोधतात आणि माणसाच्याही अंगावर येतात, हे त्याने दाखविले. 'प्लेग, उंदीर व पिसवा' या विषयावरील त्याचा निबंध १९०५ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्याच वर्षी रॉयल सोसायटी, लिस्टर संस्था व इंडिया ऑफिस यांच्या संयुक्त सल्लागार समितीच्या देखरेखीखाली नवे संशोधक मंडळ परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमधील प्रयोगशाळेत काम करू लागले. लिस्टन, लँब, पेट्री, रोलंड या युरोपीय नावांबरोबर या मंडळाच्या नामावळीत पै, मानकर, रामचंद्रियर, अवारी ही नावेही आहेत.

परळच्या प्रयोगांची योजना साधी व काटेकोर होती. पिसवा नसतील तेथे रोगी व निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले तरी रोग पसरत नसे. पिसवा सोडताच साथ सुरू होई. उंदीर-पिसवेची उडी सुमारे पाच इंचांपलीकडे जात नाही. म्हणून प्राण्याचा पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर टांगला तर प्राणी मरे, दोन फुटांवर टांगला तर वाचे. हवा, जमीन, घाण, स्पर्श या सर्व जुन्या कल्पना या दोन मापांच्या अंतरात निकालात निघाल्या. मंडळाने शीव, वडाळा, परळ व वरळी या तेव्हाच्या गावांत उंदरांची साथ आणि माणसांची साथ यांचा कालक्रम जुळवून पाहिला, तेव्हा उंदरांची साथ आधी व माणसांची नंतर असाच क्रम आढळला. 'उंदीर पडणे' हा वाक्प्रचार ज्या अनुभवातून आला होता, त्याला आता आकड्यांचे पाठबळ मिळाले.

तरीही 'कसे' हा प्रश्न शिल्लकच होता. पिसवेच्या जठरात जंतू वाढतात आणि विष्ठेत जिवंत उतरतात, हे मंडळाने पाहिले होते. तेव्हा चावलेल्या जागी माणूस खाजवितो आणि ती विष्ठा जखमेत चोळली जाते, असा तर्क काही काळ पुढे आला. तो अशक्य नव्हता, पण पुरेसाही नव्हता.

६

उत्तर १९१४ साली लंडनच्या लिस्टर संस्थेत मिळाले. आर्थर बेकट हा तेथील कीटकशास्त्रज्ञ मूळचा एका कचेरीतील कारकून. कीटकांचा अभ्यास तो फावल्या वेळात करी. परळच्या कामाशी संबंधित असलेले चार्ल्स मार्टिन हे संस्थेचे संचालक. या दोघांनी प्लेगचे जंतू असलेले रक्त पिसवांना पाजले आणि त्यांचे पचन दिवसेंदिवस पाहिले. काही पिसवांत त्यांना असे दिसले की, जंतू वाढत वाढत चिकट गुठळ्या होतात, त्या अग्रजठरातील काट्यांत अडकून राहतात, आणि हळूहळू ती कोठी पूर्ण बुजून जाते. पचनाची वाट बंद होते.

अशी पिसू रक्त पिते, पण ते जठरात उतरत नाही. अन्ननलिका फुगते, पंपाचा जोर सुटताच ताणलेली अन्ननलिका आकसते, आणि ओढलेले रक्त बुजलेल्या भागातील जंतू सोबत घेऊन पुन्हा जखमेत परतते. पोट रिकामेच असल्याने पिसू पुन्हा चावते, पुन्हा अपयशी ठरते. निरोगी पिसू पोट भरले की थांबते. कोंडलेली पिसू थांबत नाही. ती एका प्राण्यावरून दुसऱ्यावर जाते आणि थोड्याच दिवसांत उपासाने व तहानेने मरते. कधी कधी मधला मार्ग अंशतः मोकळा होतो. पण तेवढ्याने धोका टळत नाही, कारण झडप नीट मिटत नसल्याने जठरातील जंतूमिश्रित रक्तही उलटून येऊ शकते.

पुण्याच्या गल्लीबोळांत शिपाई ज्या शत्रूचा शोध घेत होते, त्याचे खरे स्वरूप हे असे निघाले. उंदीर, माणूस व पिसू हे तिघेही या रोगाचे बळीच होत. येथे एक साम्य लक्षात येण्याजोगे आहे. मंद झालेल्या अग्नीत बहुतेक रोगांचे मूळ असते, असा आयुर्वेदाचा सिद्धांत आहे. पनवेल हे त्या परंपरेचे एक आधुनिक केंद्र होते. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली तेथे श्री धूतपापेश्वर हा औषधी कारखाना सुरू केला होता. वैद्यांनी 'ग्रंथिक सन्निपाता'चे मूळ रुग्णाच्या देहात शोधले, आणि त्या काळी दुसरे काही शक्यही नव्हते. मंदावलेला अग्नी मात्र रुग्णाच्या देहातला नव्हता, तर कोणाच्याही गणनेत नसलेल्या एका जीवाचा होता. जुन्या सिद्धांताने नवे सत्य आधीच सांगितले होते असा याचा अर्थ काढणे चुकीचे होईल. शरीराच्या विकाराचा विचार करताना दोन्ही परंपरा पचनापाशी येऊन पोचतात, एवढेच यावरून दिसते.

बेकटच्या आयुष्याचा शेवटही या विषयाला धरूनच झाला. १९२२ साली कैरो येथे उवांमार्फत पसरणाऱ्या टायफस ज्वराचे संशोधन करीत असता त्याच रोगाने तो मृत्यू पावला.

७

पचनमार्गाच्या या एका घटनेने साथीच्या इतिहासातील अनेक विखुरलेल्या गोष्टी एकत्र आणल्या. मुंबईत प्लेग थंडीच्या दिवसांत वाढे, उन्हाळ्याच्या अखेरीस ओसरे व पावसाळ्यात मंद राही. अति उष्णतेत पिसवेतील गुठळी नीट बनत नाही वा टिकत नाही, हे या ऋतुचक्राचे एक कारण ठरले. कोरड्या उष्ण हवेत पिसवेचे आयुष्य घटते, हे दुसरे. मद्रासच्या बाजूला मुंबईच्या मानाने प्लेग कमी का, याचे उत्तर कोलंबोच्या हर्स्ट याने पिसवांच्या जातींत शोधले. मुंबईत उंदरांवर झेनॉप्सिला किऑपिस ही जात प्रबळ. मद्रासकडे झेनॉप्सिला अॅस्टिया ही. दुसरी जात रोग पसरविण्यात दुबळी ठरते. बाहेरून जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन पिसवांतील फरकावर प्रांताप्रांतांचे मृत्युमान अवलंबून राहिले.

प्रतिबंधाची दिशाही यातून बदलली. माणसांना पकडण्याऐवजी उंदीर व पिसू यांच्यावर लक्ष केंद्रित झाले. धान्याच्या वखारी, घराची रचना, बिळे, केरकचरा यांचा विचार आरोग्यव्यवस्थेत शिरला. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन यांचे नाव मिळाले, आणि तेथे साहिबसिंग सोखी यांच्या कारकीर्दीत लशीबरोबर सल्फा औषधांच्या उपचाराचाही अभ्यास झाला. पुढे कीटकनाशके व स्ट्रेप्टोमायसिन आल्यावर प्लेगचा दरारा ओसरला. तोपर्यंत या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली होती.

बेकट आणि मार्टिन यांचे निरीक्षण आजही मुळात टिकून आहे. त्याचा तपशील मात्र वाढला आहे. गुठळी बनविण्यास जंतूची जी आनुवंशिक सामग्री कारण होते ती १९९६ साली निश्चित झाली. तिच्यामुळे जंतू पिसवेच्या शरीरातील कमी तापमानातच एकमेकांना चिकटतात, सस्तन प्राण्याच्या उष्ण शरीरात तसे चिकटत नाहीत. पचत असलेल्या रक्तातून पिसवेच्या जठरात जी प्रतिकूल स्थिती निर्माण होते, तिच्यापासून जंतूचे रक्षण करणारे एक एंझाइम २००२ मध्ये उजेडात आले. अग्रजठर बुजण्यापूर्वीच्या पहिल्या काही दिवसांतही काही जातींच्या पिसवा रोग देऊ शकतात, असे २००६ नंतरच्या संशोधनात दिसून आले आहे. तेव्हा कोंडलेले अग्रजठर हे एकमेव कारण नव्हे. पण ते एक प्रमुख कारण आहे, हे त्यामुळे बाधित होत नाही.

१९९४ च्या ऑगस्टात बीड जिल्ह्यातील मामला या गावी उंदीर पडू लागल्याच्या व पिसवा वाढल्याच्या बातम्या आल्या, आणि त्यानंतर गाठीच्या तापाचे रुग्ण आढळले. आदल्या वर्षीच्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांनी सोडलेल्या घरांतील धान्यावर उंदीर वाढले, अशी त्याची मीमांसा केली गेली. शंभर वर्षांपूर्वी मांडवीच्या वखारींत व मोऱ्याच्या बंदरात जी साखळी होती तीच येथे पुन्हा दिसते: साठलेले धान्य, वाढलेले उंदीर, भुकेल्या पिसवा, आणि शेवटी माणूस. गावकऱ्यांच्या तोंडी या वेळीही तोच जुना वाक्प्रचार होता.

या इतिहासातून दोन निष्कर्ष निघतात. लोकभाषेत साठलेले निरीक्षण हे पुराव्याच्या दर्जाचे असू शकते. 'उंदीर पडणे' या दोन शब्दांची दखल १८९७ मध्येच घेतली गेली असती, तर घरांच्या झडतीवर खर्च झालेले बळ कदाचित वखारींकडे वळले असते. याउलट, केवळ निरीक्षणाने प्रक्रिया कळत नाही. ती कळण्यासाठी कोणीतरी पिसवेच्या पोटात डोकावून पाहावे लागते, आणि त्या कामाला अठरा वर्षे लागतात. साथीच्या काळात शासनाला इतका वेळ थांबता येत नाही. त्याला अपुऱ्या ज्ञानावरच कृती करावी लागते, आणि म्हणूनच ती कृती करताना ज्यांच्या घरात शिरावयाचे त्यांचे म्हणणे ऐकून घेणे हे केवळ सौजन्य राहत नाही. ते ज्ञानाचे एक साधन ठरते. १८९७ च्या पुण्यात नेमके तेच साधन वापरले गेले नाही.